मीटर बिघडला की पाणी ‘शुद्ध’ होतं

यंदाच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत पाण्यावरून भांडण झालं. पाणी कमी आलं म्हणून नाही, आकडे दोन आले म्हणून. नळाचं पाणी जरा आखडलं होतं, बोअर जास्त वेळ चालत होती आणि सगळ्यांच्या चहावर तवंग यायला लागला होता. नेमका त्याच आठवड्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक मुलगा दारोदार फिरून गेला. खिशातून पाण्यातले क्षार दाखवणारा पेनासारखा मीटर काढायचा, पेल्यात बुडवायचा आणि आकडा घरच्यांच्या तोंडासमोर धरायचा: ८४०. खालच्या मजल्यावरच्या काकांकडे स्वतःचा मीटर होता. त्यांनी त्याच बादलीत बुडवला, ६०० आले. दोन्ही फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडले आणि रात्री अकरापर्यंत दोन तट.

सकाळी काकांनी मला जिन्यातच गाठलं. ‘‘वहिनी, तुम्ही तर आयुष्यभर पाणीच मोजलंत. खरा कोणाचा?’’

‘‘दोघांचाही,’’ मी म्हटलं.

त्यांना ते अजिबात पटलं नाही. मी बडोद्याच्या आसपासच्या औषध कारखान्यांत जवळपास तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. पाण्याची वाहकता मोजणारे मीटर पुसणं, तपासणं आणि त्यांच्यावर संशय घेणं हाच माझा पगार होता. जिन्यात उभं राहून जे सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

मीटर नक्की मोजतो काय

मीटरच्या टोकाला छोट्या पट्ट्या असतात, बहुधा दोन. स्टीलच्या, ग्राफाइटच्या किंवा महागड्या मीटरमध्ये प्लॅटिनमच्या. पाणी त्यांच्या मधे शिरतं. मीटर पट्ट्यांना थोडा व्होल्टेज देतो आणि किती करंट गेला ते बघतो. एवढंच. त्याला ना मीठ दिसतं, ना चुना, ना जंतू.

निव्वळ पाणी विजेला जवळपास वाटच देत नाही. मीठ, चुना, सोडा पाण्यात विरघळला की त्याचे विद्युतभार असलेले कण सुटे होतात, त्यांना आयन म्हणतात. वीज पलीकडे नेण्याचं काम हे आयन करतात. रेल्वे स्टेशनवरचे हमाल समजा. हमाल जितके जास्त आणि जितके चपळ, तितकं सामान लवकर पलीकडच्या फलाटावर. मीटर फक्त पोहोचलेलं सामान मोजतो. हमाल कोणत्या गावचे, हे त्याला कळत नाही.

या सोयीला वाहकता म्हणायचं. तिचं एकक मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर. सीमेन्स हे नाव जर्मन संशोधक आणि उद्योजक वर्नर फॉन सीमेन्स यांच्यावरून आलं. कारखान्यात एवढं लांबलचक कोणी म्हणत नाही, आम्ही नुसतं ‘मायक्रो’ म्हणायचो. इथेही तेच म्हणते. अंदाज यावा म्हणून: शक्य तितकं शुद्ध केलेलं पाणी २५ अंश सेल्सिअसला ०.०५५ मायक्रो, चांगलं डिस्टिल्ड पाणी एक-दोन मायक्रो, आमच्या बोअरचं १,२०० आणि समुद्राचं ५०,००० च्या आसपास. इतका प्रचंड पल्ला एकाच प्रकारच्या यंत्राने मोजायचा असतो. बऱ्याचशा भानगडी तिथूनच सुरू होतात.

यात एक गंमत आहे. पट्ट्यांना साध्या बॅटरीसारखी एकाच दिशेची वीज दिली, तर सगळे आयन आपापल्या पट्टीकडे धावतात, तिथेच गर्दी करून बसतात आणि मागच्यांची वाट अडवतात. मग पाणी आहे त्यापेक्षा कमी वाहक दिसतं. म्हणून मीटर दिशा सतत उलटसुलट करणारी वीज देतो. आपल्याकडे ओसरीवर झोपाळा असतो ना, तसे आयन जागच्या जागी पुढे-मागे झुलतात. कोणी कुठे पोहोचत नाही, पण झोके किती आणि केवढे यावरून हमालांचा अंदाज लागतो. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातली, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश कोलराउश यांची. आजचा डिजिटल मीटरही तीच वापरतो.

मग ६०० आणि ८४० कुठून आले

पेनासारख्या मीटरवर जो टीडीएस दिसतो, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं एकूण वजन, ते वजन मीटरने केलेलंच नसतं. खरं वजन करायचं तर पाणी गाळून आटवायचं, सुकवायचं आणि उरलेला क्षारांचा साका अचूक काट्यावर ठेवायचा. लॅबमध्ये ते करतात. पेन-मीटर वाहकता मोजतो आणि तिला एका ठरलेल्या आकड्याने गुणतो. झालं टीडीएस.

तो गुणक कोणता, हे मीटर बनवणारा ठरवतो. काहींचा ०.५, म्हणजे पाण्यात फक्त साधं मीठ आहे असं धरून चाललेला. काहींचा ०.७, म्हणजे सोडियमचे सल्फेट, बायकार्बोनेट आणि क्लोराइड यांचं मिश्रण धरून. आमची बोअर १,२०० मायक्रोची. गुणा ०.५ केलं की ६०० आणि ०.७ केलं की ८४०. काका आणि तो मुलगा दोघांचेही मीटर ठाकठीक होते. दोघांनी वाहकता एकच मोजली होती, फक्त भाषांतर वेगळं केलं.

म्हणून मी ग्रुपवर पहिली सूचना टाकली: टीडीएस लिहू नका, मायक्रो लिहा. बहुतेक मीटरवर एक बटण दाबलं की तो आकडा येतो. तुमच्या मीटरवर नसेल, तर निदान गुणक कोणता ते डबीवर बघा.

गल्ली किती रुंद

आता थोडं अवघड, पण देखभालीचं सगळं गणित यावरच उभं आहे.

समजा बडोद्यातल्या मांडवीजवळच्या एखाद्या चिंचोळ्या, लांबलचक गल्लीतून तासाला शंभर माणसं गेली आणि अलकापुरीच्या रुंद रस्त्यावरून पाचशे. यावरून अलकापुरीत माणसं जास्त असं म्हणता येईल का? आधी रस्त्याची लांबी-रुंदी सांगा. मीटरचंही तेच. पट्ट्या एकमेकींपासून किती लांब आणि किती मोठ्या, यावर करंट ठरतो. अंतर भागिले क्षेत्रफळ केलं की जो आकडा येतो त्याला सेल कॉन्स्टंट म्हणतात. सेल म्हणजे पट्ट्या आणि मधली जागा मिळून झालेलं मोजणीचं घर.

साध्या पाण्यासाठी हा आकडा १ च्या जवळ ठेवतात. अतिशुद्ध पाण्यात हमाल इतके थोडे, की पट्ट्या मोठ्या आणि अगदी जवळजवळ घ्याव्या लागतात: ०.१ किंवा त्याहून कमी. खाऱ्या पाण्यासाठी आणि कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी उलट, १०. फारच घाण पाणी असेल तर पट्ट्या उघड्या ठेवतच नाहीत. दोन वेटोळी प्लॅस्टिकच्या आवरणात बंद करतात आणि चुंबकीय परिणामाने मोजतात. त्याच्यावर गाळ बसला तरी फार बिघडत नाही.

मीटरचा पाण्यात बुडणारा भाग म्हणजे प्रोब. त्याच्या वायरवर एक बारीक चिकटपट्टी असते, ०.९८ किंवा १.०४ असं काही छापलेलं. तो त्या सेलचा खरा कॉन्स्टंट. नवा माणूस हटकून ती चिकटपट्टी सोलून टाकतो, आणि मग सहा महिन्यांनी प्रोब बदलताना सगळे एकमेकांची तोंडं बघतात.

आता लक्षात घ्या, पट्ट्यांवर चुन्याचा पापुद्रा बसला म्हणजे काय झालं? गल्लीत दोन्ही बाजूंनी हातगाड्या लागल्या. रस्ता तोच, पाणी तेच, पण जायला जागा कमी. सेल कॉन्स्टंट बदलला आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही. कॅलिब्रेशन म्हणतात ते हेच: ही गल्ली आज किती रुंद आहे, हे मीटरला नव्याने सांगणं.

उन्हाळ्यातली टाकी

काकवी थंडीत चमच्यावरून हलत नाही आणि गरम केली की पाण्यासारखी वाहते. पाणीही गरम झालं की आणखी पातळ होतं, आयन सुटसुटीत पळतात आणि वाहकता वाढते. साध्या पाण्यात दर अंशाला सुमारे २ टक्के. जगभर तुलना करता यावी म्हणून आकडा २५ अंशाला किती असता, असा लिहायची पद्धत आहे.

बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत पाणी ३८ अंशांचं सहज होतं. २५ पेक्षा १३ अंश जास्त, म्हणजे २६ टक्के. आमचं १,२०० चं पाणी कच्च्या आकड्यात १,५०० च्या वर जाईल आणि पाण्यात एक कणही वाढलेला नसेल.

‘‘पण आमच्या मीटरवर तापमान आपोआप जुळतं असं लिहिलंय.’’ बरोबर आहे, हल्ली बहुतेकांत असतं. प्रोबमध्येच बारीक तापमापक बसवलेला असतो आणि मीटर हिशेब करून २५ अंशांचा आकडा दाखवतो. पण तो तापमापकच दोन अंशांनी चुकला तर वाहकता चार टक्क्यांनी चुकणार. आणि ऊन लागलेल्या पाण्यात गार प्रोब बुडवून दोन सेकंदांत आकडा वाचला, तर तापमापकाला अजून पाणी गरम आहे हे कळलेलंच नसतं. मिनिटभर थांबा. मी नव्या पोरांना सांगायचे, चहा गाळून होईपर्यंत आकड्याकडे बघायचं नाही.

औषध कारखान्यांत मात्र उलटा नियम आहे आणि बाहेरच्यांना तो चमत्कारिक वाटतो. औषधात वापरायच्या पाण्यासाठी अमेरिकेच्या औषधसंहितेची मर्यादा २५ अंशाला १.३ मायक्रो आहे, पण तिथे हे आपोआप जुळवणं बंद ठेवायला सांगतात. कच्चा आकडा घ्यायचा, तापमान वेगळं घ्यायचं आणि तक्त्यात बघायचं: २० अंशाला १.१, ३० अंशाला १.४. कारण इतक्या शुद्ध पाण्यात दर अंशाला २ टक्के हा हिशेबच लागू होत नाही. पाण्याचे स्वतःचे आयन तापमानाबरोबर फार झपाट्याने वाढतात. मीटरने परस्पर गुणाकार केला तर चूक झाकली जाईल, म्हणून त्याला गुणूच द्यायचं नाही.

बिघाड गोड बोलतो

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: वाहकतेचा मीटर बिघडला की बहुधा आकडा कमी दाखवतो, आणि कमी आकडा आपल्याला हवाच असतो.

वजनकाटा बिघडला तर दोघांपैकी एक तरी ओरडतो, दुकानदार किंवा गिऱ्हाईक. इथे ओरडणारं कोणी नाही. पट्टीवर तेलाचा थर बसला, आकडा उतरला. मधे हवेचा बुडबुडा अडकला, उतरला. वायर तुटली, शून्य. प्रोब पाण्याबाहेर राहिला तरी शून्य, म्हणजे कागदावर जगातलं सर्वांत शुद्ध पाणी. कमी आकडा आला म्हणून मीटर उघडून बघणारा माणूस मी तीस वर्षांत क्वचितच पाहिला.

एका कारखान्यातली रात्रपाळी मला अजून आठवते. पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटच्या बाहेरच्या लाइनवर आमचा मीटर होता. सकाळी येऊन वही उघडली, तर सुवाच्य अक्षरात दर तासाला ०.०२, ०.०२, ०.०२, ओळीने अकरा वेळा. रात्रपाळीचा ऑपरेटर खुशीत होता. क्षार धरून ठेवणारं रेझिन नवं घातलंय का, असंही त्याने विचारलं. मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, ०.०५५ च्या खाली पाणी जाऊच शकत नाही. हे पाणी नाही, ही हवा आहे.’’ आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी सॅम्पलच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला होता आणि उघडायचा राहिला होता. प्रोबचं घर कोरडं पडलं होतं. तोवर रेझिन थकलं होतं आणि लॅबच्या सॅम्पलमध्ये पाणी ६ मायक्रोचं निघालं. अकरा तास सगळे त्या सुंदर आकड्यावर विसंबून होते. रात्रीचं सगळं पाणी सोडून द्यावं लागलं, आणि वरच्यांची बोलणी आम्हा सर्वांना सारखीच बसली.

उलट दिशेचे बिघाडही होतात. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरली की करंटला चोरवाट मिळते आणि आकडा चढतो. पण चढलेल्या आकड्याची तक्रार दहा मिनिटांत येते.

आधी आंघोळ, मग तपासणी

मळकट प्रोबचं कॅलिब्रेशन करणं म्हणजे गल्लीत हातगाड्या उभ्या असतानाच तिची रुंदी मोजून नकाशा छापणं. दुसऱ्या दिवशी हातगाड्या हलल्या की नकाशा चुकला. म्हणून आधी साफसफाई.

मळ कसला आहे यावर उपाय ठरतो. पांढरा खरबरीत थर, जसा गीझरच्या कॉइलवर किंवा बादलीच्या कडेला बसतो, तो चुन्याचा. त्याला आम्ल लागतं. कारखान्यात ५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये काही मिनिटं, घरी व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी. बुडबुडे यायचे थांबले की चुना संपला. तेलकट थर असेल तर भांडी घासायच्या लिक्विडचं कोमट पाणी. कूलिंग टॉवरच्या लाइनवर हिरवट, बुळबुळीत शेवाळ येतं, तिथे मऊ ब्रश. स्टील आणि ग्राफाइटला ब्रश चालतो. प्लॅटिनमच्या पट्टीवर मात्र काजळीसारखा काळा मखमली थर मुद्दाम दिलेला असतो. तो मळ नाही, पृष्ठभाग वाढवण्यासाठी दिलेला प्लॅटिनमचाच थर आहे. एका शिकाऊ मुलाने दंतमंजनाने घासून तो चकचकीत केला होता आणि मला कौतुकाने दाखवायला आणला होता. काय बोलणार!

शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुणं, आणि तेही भरपूर. ॲसिडचा एक थेंबही शेकडो मायक्रोंनी आकडा चढवतो.

ओळखीचं पाणी

मीटर स्वतःहून ‘मी चुकतोय’ म्हणत नाही. त्याला अशा पाण्यात बुडवायचं ज्याचा आकडा आपल्याला आधीच माहीत आहे. या ओळखीच्या पाण्याला स्टँडर्ड म्हणतात. ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असतं. सर्वांत प्रसिद्ध स्टँडर्ड २५ अंशाला १,४१३ मायक्रोचं: एक लिटरमध्ये सुमारे ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. ते २० अंशाला १,२७८ आणि ३० अंशाला १,५५० च्या आसपास होतं. बाटलीवर तसा तक्ता छापलेला असतो, तो वाचा. कमी क्षारांच्या पाण्यासाठी ८४ आणि १४७ ची स्टँडर्ड मिळतात, खाऱ्यासाठी १२,८८० चं. ज्या पाण्यावर काम करायचं त्याच्या जवळपासचं घ्यायचं. बोअरचं पाणी मोजणाऱ्याने समुद्राच्या आकड्यावर मीटर जुळवण्यात अर्थ नाही.

रीत अशी. बाटलीतून थोडं स्टँडर्ड लहान प्लॅस्टिकच्या पेल्यात काढायचं, प्रोब त्यात खळबळायचा आणि ते फेकायचं. पुन्हा एकदा तेच. तिसऱ्यांदा ताजं भरायचं. प्रोबच्या वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, ते पाण्याखाली गेलं पाहिजे, नाहीतर आत हवा कोंडते. पेल्याच्या कडेवर प्रोब दोनदा हलकेच टिचकी मारल्यासारखा आपटला की बुडबुडे सुटतात. मग तो मधोमध धरायचा, तळ आणि भिंत दोन्हींपासून लांब. तापमान स्थिर होऊ द्यायचं, आणि ते एका भरवशाच्या तापमापकाशी आधी ताडून बघायचं.

समजा मीटरमध्ये कॉन्स्टंट १.०० भरलेला आहे आणि १,४१३ च्या पाण्यात तो १,३४६ दाखवतोय. इथे थांबा! बटण दाबण्याआधी हा आकडा वहीत लिहा. कारखान्यात याला ‘ॲज फाउंड’ म्हणतात, म्हणजे जसा सापडला तसा. मीटर गेल्या महिनाभर किती खोटं बोलत होता, हे सांगणारा तो एकमेव पुरावा असतो, आणि बटण दाबलं की कायमचा पुसला जातो. मग १,४१३ भागिले १,३४६, म्हणजे १.०५. हा नवा कॉन्स्टंट. नव्या मीटरमध्ये बटण दाबलं की हा भागाकार आतल्या आत होतो.

पाच टक्क्यांचा फरक बघून मी आधी पुन्हा प्रोब धुवायचे. दुसऱ्यांदाही तेवढाच आला तरच बटण. औषध कारखान्यात सेल कॉन्स्टंट २ टक्क्यांच्या आत माहीत असावा लागतो. तिथे एवढा फरक आला तर नुसतं बटण दाबून भागत नाही, मधल्या काळातलं सगळं पाणी संशयित होतं.

स्टँडर्डचेही नखरे असतात. वापरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. झाकण उघडं राहिलं तर पाणी उडतं, मीठ उरतं आणि आकडा चढतो. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची. आणि पेल्यात आधी पीएचचा, म्हणजे आम्लता मोजणारा, प्रोब बुडवायचा नाही. त्याच्या पोटात पोटॅशियम क्लोराइडचं दाट द्रावण असतं, ते थेंबाथेंबाने झिरपत राहतं. लॅबमध्ये यावरून झालेल्या भांडणांची गणतीच नाही. वाहकता आधी, पीएच नंतर.

अतिशुद्ध पाण्याचं स्टँडर्ड मात्र पेल्यात ठेवताच येत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि ०.०५५ चं पाणी उघड्यावर बघता बघता एक मायक्रोच्या आसपास जातं. म्हणून तिथे मीटर वाहत्या, बंद पाइपमध्येच ठेवतात आणि शेजारी दुसरा तपासलेला मीटर लावून दोघांची तुलना करतात. नुसती इलेक्ट्रॉनिक्स तपासायची असेल तर प्रोब काढून त्याच्या जागी रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, जोडतात. कॉन्स्टंट १ असेल तर १,००० ओहमला मीटरने बरोबर १,००० मायक्रो दाखवले पाहिजेत. ही चाचणी झटपट होते म्हणून आळशी माणसाला फार आवडते. पण तिच्यात प्रोब बाजूलाच राहतो, आणि मळतो तो प्रोब.

‘‘नवा मीटर आहे, कंपनीने तपासूनच दिलाय’’

दिला असेल. तेव्हा पट्ट्या कोऱ्या होत्या. त्यानंतर तो मीटर तुमच्या बोअरच्या पाण्यात बुडला, पुसला न जाता ड्रॉवरमध्ये गेला आणि पट्ट्यांवर क्षार सुकले.

‘‘मग किती दिवसांनी करायचं?’’ याला एकच उत्तर नाही. सुरुवातीला महिन्याला करा आणि ‘जसा सापडला’ ते आकडे बघा. तीन-चार वेळा फरक नगण्य आला, तर मुदत वाढवा. दरवेळी सरकत असेल तर पंधरवड्यावर आणा. बॉयलरमधलं क्षार साठलेलं पाणी किती वेळा बाहेर सोडायचं हे याच आकड्यावर ठरतं. तिथे मीटर कमी दाखवू लागला तर क्षार साठत जातात, नळ्यांवर थर बसतो आणि कोळशाचं नाहीतर गॅसचं बिल वाढतं. म्हणून बॉयलरचा मीटर मी कधी लांबणीवर टाकला नाही. फुलझाडांच्या पाण्यासाठी ठेवलेला मीटर वर्षातून दोनदा बघितला तरी चालेल.

‘‘घरी एवढं कोण करणार?’’ खरं सांगायचं तर घरी बहुतेक वेळा गरजही नसते. घरच्या आरओचा क्षार अडवणारा पडदा थकलाय का, एवढंच बघायचं असेल, तर आत जाणारं पाणी आणि बाहेर येणारं पाणी एकाच मीटरने, लागोपाठ मोजा. आत १,२०० आणि बाहेर ६०, म्हणजे ९५ टक्के क्षार अडले. मीटर पाच टक्क्यांनी चुकत असला तरी दोन्हीकडे सारखाच चुकतो आणि गुणोत्तर तेच राहतं. दर महिन्याला हे लिहून ठेवलं की ९५ चे ९०, ९० चे ८० होताना दिसतात. चुकीच्या मीटरनेही बरोबर उत्तर मिळण्याची ही दुर्मीळ जागा आहे.

आकडाच हवा असेल तर १,४१३ ची छोटी बाटली काही शे रुपयांत मिळते. तीही नको असेल तर स्वयंपाकघरातला उपाय आहे. पाच ग्रॅम कोरडं मीठ एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिली घ्या आणि डिस्टिल्ड पाणी घालून पुन्हा एक लिटर करा. झालं लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे २५ अंशाला साधारण १,०२० मायक्रो. अर्धा ग्रॅम थेट तोलायला जाऊ नका, घरचा काटा तिथे गडबडतो. बॅटरीसाठी मिळणारं पाणी वापरत असाल तर आधी त्यातच मीटर बुडवून ते दहाच्या आत आहे का बघा. हे कॅलिब्रेशन नव्हे, नुसती ओळखपरेड आहे. पण मीटर ७०० दाखवत असेल तर एवढ्यावरही पकडला जातो.

आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं?

तो विकणारा मुलगा हेच सांगत होता, आणि इथे मला त्याचा राग आला. साखर पाण्यात चमचाभर घाला, मीटर जवळपास हलत नाही, कारण साखरेचे कण भार वाहत नाहीत. कीटकनाशकांचे बरेच अंश, जंतू, विषाणू, हे सगळे मीटरला अदृश्य. ५० मायक्रोचं पाणी आजारी पाडू शकतं आणि ६०० चं निर्धोक असू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची चांगली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत सूट आहे. जंतूंची कसोटी त्याच मानकात वेगळी दिलेली आहे, ती या पेनाने होत नाही.

त्याने आणखी एक खेळ केला होता. दोन पेल्यांत लोखंडी सळ्या सोडून वीज लावली. आमच्या नळाचं पाणी तपकिरी झालं आणि त्याच्या यंत्राचं स्वच्छ राहिलं. ‘‘बघा काकू, काय पिताय तुम्ही!’’ तो तपकिरी गाळ पाण्यातला नव्हता, सळ्यांचं लोखंड विरघळून झालेला गंज होता. क्षार असलेल्या पाण्यातून वीज गेली म्हणून लोखंड झिजलं, आरओच्या पाण्यातून जवळपास गेलीच नाही.

मग वाहकता बघायचीच कशाला? कारण ती बदल चटकन सांगते. आमच्या टाकीत आजवा तलावाचं आणि मही नदीकाठच्या विहिरींचं पालिकेचं पाणी बोअरच्या पाण्यात मिसळतं. नुसत्या नळाचा आकडा आमच्याकडे ३८० च्या आसपास असतो, नुसत्या बोअरचा १,२००. टाकीत ८०० आले तर साधारण निम्मं-निम्मं आहे, हे न विचारता कळतं. आणि एखाद्या सकाळी नळालाच ३८० चे ६५० झाले, तर काहीतरी शिरलंय. ते काय, हे मीटर सांगणार नाही, पण नमुना लॅबकडे पाठवायला आणि तोवर उकळून प्यायला एवढं पुरे. बदल झाला नाही म्हणून काही शिरलं नाही, असं मात्र समजू नका.

काकांचा मीटर मी घरी आणला. लिंबूसत्वाच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला, धुतला आणि १,४१३ मध्ये बुडवला. बटणं दाबून मायक्रोवर आणला तर १,३९८, जवळपास निर्दोष. वहीत लिहिला, जुळवला, आणि मागे नेलपॉलिशने ‘०.५’ असं लिहून परत दिला. काका खूश झाले, पण जाता जाता दारातून म्हणाले, ‘‘म्हणजे माझाच बरोबर होता ना?’’